डोळा बधिर करणारा तो ड्रॉप घरी का देत नाहीत, आणि पिवळा रंग नक्की कशासाठी टाकतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्राइंडर चालवताना डोळ्यात कण गेला, डोळा उघडवत नव्हता, डॉक्टरांनी एक थेंब टाकला आणि अर्ध्या मिनिटात सगळं दुखणं गायब, मग पिवळ्या टोकाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळा लाइट मारून बघितलं, कण काढला. रात्री परत तसंच खुपायला लागलं म्हणून तुम्ही तोच पहिला ड्रॉप लिहून द्या म्हणालात तर सरळ नाही म्हणाले. आणि दुसरं म्हणजे तो पिवळा रंग नजरेला काही अपाय तर करत नाही ना.

मी नेत्रतज्ज्ञ आहे, हे दोन्ही ड्रॉप माझ्या हातात दिवसभर असतात, आणि हा प्रश्न पेशंट जवळपास रोज विचारतात. डॉक्टरांनी नाही म्हटलं ते बरोबरच केलं, पण त्यांनी कारण सांगायला हवं होतं, कारण नुसतं नाही म्हटलं की माणूस तोच ड्रॉप दुसरीकडून मिळवतो आणि मग खरी गडबड सुरू होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बधिर करणाऱ्या ड्रॉपबद्दल. बहुतेक ठिकाणी प्रोपॅराकेन ०.५ टक्के वापरतात, काही ठिकाणी टेट्राकेन किंवा ऑक्सिब्युप्रोकेन. टाकताना थोडं झोंबतं (टेट्राकेन जास्त झोंबतं), पंधरा-वीस सेकंदात डोळा सुन्न होतो आणि परिणाम साधारण पंधरा-वीस मिनिटं टिकतो. तपासायला, डोळ्याचं प्रेशर बघायला, कण काढायला तेवढा वेळ पुरतो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा जो पारदर्शक भाग, तो शरीरातल्या सगळ्यात संवेदनशील जागांपैकी एक आहे, त्वचेपेक्षा कितीतरी पटीने जास्त नसा तिथे दाटीवाटीने आहेत आणि वरच्या थरातच त्यांची टोकं उघडी असतात, म्हणून डोळ्याला न दिसणारा कणही एवढा मोठा वाटतो. हा ड्रॉप त्या नसांमधले सोडियमचे मार्ग तेवढ्यापुरते बंद करतो, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. निरोप थांबला म्हणजे जखम बरी झाली असं मात्र अजिबात नाही, कॉर्निया खरचटला होता तेवढाच खरचटलेला असतो.

हा शोध कुठून आला तेही सांगते. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचं पाणी डोळ्यात टाकलं तर डोळा सुन्न होतो हे दाखवलं, त्याआधी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अशी जागेपुरती भूल नव्हतीच, त्या काळच्या पेशंटने काय सोसलं असेल याची कल्पनाही करवत नाही. सगळ्या लोकल अॅनेस्थेशियाची सुरुवात तिथून झाली, म्हणजे डोळ्यापासून. पण कोकेनने कॉर्नियाचा वरचा थर खराब होतो हेही लक्षात आलं, शिवाय व्यसनाचा धोका, म्हणून पुढे ही नवी औषधं आली. ती खूप सुरक्षित आहेत, पण कॉर्नियाच्या पेशींना त्रास देण्याचा गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांमध्येच आहे.

आणि घरी न देण्याचं मुख्य कारण हेच आहे. कॉर्निया खरचटला की आजूबाजूच्या पेशी कडेने सरकत सरकत येऊन जखम झाकतात, साधं खरचटणं असेल तर हे काम एक ते तीन दिवसात उरकतं, शरीराची ही फार सुंदर सोय आहे. बधिर करणारा ड्रॉप परत परत पडला की पेशींचं हे सरकणंच मंदावतं, नव्या पेशी तयार होणं मंदावतं, शिवाय डोळा सुन्न असल्यामुळे पापण्या कमी लवतात, अश्रूंचा थर टिकत नाही, पृष्ठभाग कोरडा पडतो. त्यात बाटलीमधल्या प्रिझर्वेटिव्हचा त्रास वेगळाच. म्हणजे जी जखम दोन दिवसात भरली असती ती आठवडाभर तशीच राहते, दुखणं चालूच राहतं, म्हणून माणूस अजून ड्रॉप टाकतो, परिणाम दर वेळी लवकर उतरतो म्हणून अजून टाकतो. दहा-बारा दिवसांनी असा पेशंट येतो तेव्हा डोळा लालभडक, पापण्या सुजलेल्या, कॉर्नियाच्या मधोमध न भरणारी जखम आणि तिच्याभोवती पांढरट कडं दिसतं. ते कडं इतकं एका गंभीर इन्फेक्शनसारखं (अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवाच्या) दिसतं की डॉक्टरही फसतात आणि भलतीच ट्रीटमेंट चालू राहते, कारण पेशंट ड्रॉपबद्दल सांगत नाही, कधी लाजेने, कधी त्याला ते औषधच वाटत असतं म्हणून. वेळेत थांबलं नाही तर कॉर्निया विरघळत जाऊन त्याला भोक पडू शकतं. हे घाबरवायला म्हणून लिहीत नाही, असे डोळे बघितलेत आणि त्यातले काही कॉर्निया बदलूनही पूर्ण सुधारले नाहीत. वेल्डिंग, ग्राइंडिंग करणाऱ्या लोकांमध्ये एक बाटली सगळ्यांना फिरते, आणि वाईट वाटतं सांगायला पण हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांमध्येही हे होतं, कारण बाटली हाताशी असते.

अजून एक. सुन्न डोळ्याला दुसरा कण गेलेला कळत नाही, इन्फेक्शन सुरू झालेलं कळत नाही, चोळलेलं कळत नाही. दुखणं हा त्या डोळ्याचा एकमेव अलार्म आहे आणि आपण तोच बंद करून झोपी जातो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, इमर्जन्सी मेडिसिनच्या डॉक्टरांमध्ये याबद्दल थोडं वेगळं मत आहे. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २०२४ मध्ये असं म्हटलं की अगदी साधं खरचटणं असेल तर पहिल्या २४ तासांपुरता, मोजून दीड-दोन मिली एवढाच ड्रॉप द्यायला हरकत नाही. तिथेही साधं म्हणजे काय याच्या अटी कडक आहेत, कण आत रुतलेला नसावा, इन्फेक्शन नसावं, कॉन्टॅक्ट लेन्समुळे झालेलं नसावं, आणि उरलेलं औषध फेकून द्यायचं. मी स्वतः तरी देत नाही, कारण २४ तासांनी बाटली खरंच कचऱ्यात जाईल याची खात्री मला कधीच वाटत नाही, आणि दुखण्यावर दुसरे चांगले उपाय आहेत.

ते उपाय म्हणजे पोटात घ्यायची साधी वेदनाशामक गोळी, अँटिबायोटिक मलम किंवा ड्रॉप (मलमाने पृष्ठभाग ओलसर राहतो आणि पापणी कमी घासते), उजेड सहन होत नसेल तर बाहुली सैल करणारा ड्रॉप डॉक्टर ठरवून देतात, जखम मोठी असेल तर कधी कधी बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स) बसवतात. पट्टी बांधल्याने साध्या जखमेला विशेष फायदा होत नाही. पहिली रात्र सगळ्यात वाईट असते हे आधी सांगितलं तरी पेशंटचा अर्धा त्रास कमी होतो असा माझा अनुभव आहे. आणि कृपा करून घरात पडलेली जुनी स्टिरॉइडवाली बाटली टाकू नका, ती का नको ते खाली येईल.

आता पिवळा रंग. त्याचं नाव फ्लुओरेसीन. १८७१ साली अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो पहिल्यांदा बनवला. निळा प्रकाश पडला की हा रंग तो शोषून घेतो आणि हिरवा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून तो कोबाल्ट ब्लू फिल्टरचा लाइट. नुसत्या पांढऱ्या लाइटमध्ये जे ओरखडे दिसतच नाहीत ते निळ्यात हिरवेगार चमकतात. आणि तो फक्त जखमेलाच का धरतो, तर फ्लुओरेसीन पाण्यात विरघळणारा आहे आणि कॉर्नियाच्या वरच्या पेशींचा थर असल्या गोष्टींना आत येऊ देत नाही. तेल लावलेल्या कागदावर पाणी जसं वरून ओघळून जातं पण कागद जिथे फाटलाय तिथेच मुरतं, तसं. डोळा लवला की धड भागावरचा रंग अश्रूंबरोबर निघून जातो आणि जिथे पेशी निघाल्यात तेवढी जागा रंगलेली राहते.

पट्टी का वापरतात, बाटली का नाही, यामागेही मोठा धडा आहे. पूर्वी फ्लुओरेसीन बाटलीतच असायचं, आणि त्या पाण्यात स्युडोमोनास नावाचा जंतू अगदी मजेत वाढतो असं लक्षात आलं. हा जंतू खरचटलेल्या कॉर्नियाला एक-दोन दिवसात पोखरू शकतो, आणि आपण तो नेमका खरचटलेल्या डोळ्यातच टाकत होतो. १९५१ मध्ये सॅम्युअल किमुरा यांनी निर्जंतुक कागदी पट्टी सुचवली आणि ती पद्धत आजही चालते. एका पट्टीवर साधारण १ मिलिग्रॅम रंग असतो. प्रत्येक पेशंटला नवी पट्टी, टोकाला हात लावायचा नाही, वर सलाइनचा एक थेंब टाकायचा, जास्तीचं झटकायचं आणि खालची पापणी ओढून आतल्या बाजूला हलकेच टेकवायची. बुबुळावर टेकवायची नाही, कारण कोरड्या पट्टीने स्वतःच ओरखडा पडतो आणि मग आपण तोच बघत बसतो.

मग त्या निळ्या लाइटमध्ये काय दिसतं? इथे मला खरंच तासन् तास बोलता येईल. कॉर्नियाच्या वरच्या भागात उभ्या, बारीक, एकमेकींना समांतर हिरव्या रेघा दिसल्या की समजायचं कण अजून डोळ्यात आहे, वरच्या पापणीच्या आत चिकटलाय आणि दर लवण्याबरोबर तो रेघ मारतोय. लगेच पापणी उलटी करायची, बहुतेक वेळा तो तिथेच, कडेपासून थोडा आत, एका बारीक खाचेत बसलेला असतो, ओल्या कापसाच्या काडीने निघतो, आणि पेशंटला वाटतं जादू झाली. हे न बघता नुसतं मलम देऊन पाठवलं तर माणूस रात्रभर तळमळतो. वेल्डिंगच्या झगमगाटाने डोळे दुखावले असतील तर उघड्या पापण्यांच्या मधल्या पट्ट्यात शेकडो हिरवे ठिपके दिसतात, दोन्ही डोळ्यांत, आणि त्रास काम संपल्यावर सहा-बारा तासांनी सुरू होतो म्हणून लोकांना संबंध लागत नाही. झोपेत डोळा अर्धवट उघडा राहत असेल तर ठिपके खालच्या बाजूला. आणि झाडाच्या फांदीसारखी, प्रत्येक टोकाला छोटी गाठ असलेली हिरवी रेघ दिसली तर तो हर्पिसचा व्हायरस, बाहेरून डोळा फक्त साधा लाल दिसतो, आणि अशा डोळ्यात कोणी स्टिरॉइडचा ड्रॉप टाकला की ती फांदी पसरत जाऊन मोठा अल्सर होतो. घरातली जुनी बाटली नको म्हणाले ती यासाठी. रंग टाकून बघितल्याशिवाय लाल डोळ्याला स्टिरॉइड सुरू करणं हे माझ्या मते अक्षम्य आहे, आणि ते सर्रास होतं.

जखम आरपार गेली असेल का अशी शंका असेल तेव्हा जास्त रंग लावतात. घट्ट रंग केशरी दिसतो, आणि आतून पाणी गळत असेल तर त्या केशरी रंगातून एक पातळ हिरवा ओघळ वाहताना डोळ्यादेखत दिसतो. याला सायडेल टेस्ट म्हणतात. ऑपरेशननंतर टाका नीट बसलाय ना हेही असंच बघतात.

दोन्ही ड्रॉप एकत्र लागतात ते काचबिंदूसाठी प्रेशर बघताना. गोल्डमन टोनोमीटरचं टोक कॉर्नियाला टेकवायचं असतं म्हणून डोळा बधिर लागतो, आणि रंगामुळे आम्हाला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, चक्र फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम टेकवायच्या आणि आकडा वाचायचा. साधारण १० ते २१ मिमी पारा नॉर्मल धरतात. रंग जास्त झाला तर अर्धवर्तुळं जाड होतात आणि प्रेशर खोटं वाढून येतं, कमी झाला तर उलटं. म्हणून कोणी रंग टाकल्यावर टिशूने डोळा टिपला तर ते उगाच नसतं.

शिकणारी मुलंही वाचत असतील म्हणून क्रमाबद्दल. कोणताही ड्रॉप टाकायच्या आधी नजर तपासून लिहून ठेवायची, नंतर धूसर दिसतं म्हणाले तर आधी किती होतं याचा पुरावा हवा (फार दुखत असेल तर एक बधिर थेंब टाकून लगेच नजर घ्या, तसं नोंदवा). डोळ्याच्या कोरडेपणासाठी अश्रूंचा थर किती सेकंदात तुटतो ते बघायचं असेल तर तेही बधिर करायच्या आधीच, कारण या ड्रॉपने तो थर आपोआप बिघडतो, कधी कधी बारीक ठिपकेही येतात, आणि मग कोरडेपणा पेशंटचा की आपल्या ड्रॉपचा हे कळत नाही. अॅसिड, चुना, क्लीनर असलं काही गेलं असेल तर नजर, रंग सगळं बाजूला, आधी भरपूर पाण्याने धुवायचं, बधिर ड्रॉप फक्त नीट धुता यावं म्हणून. आणि छिन्नी-हातोड्याचं काम करताना तुकडा उडालाय, बाहुली वेडीवाकडी झालीय, डोळा मऊ वाटतोय, असं असेल तर दाबायचं नाही, प्रेशर बघायचं नाही, डोळ्यावर दाब न येईल असं कडक कव्हर लावून ताबडतोब पुढे पाठवायचं. प्रोपॅराकेनची बाटली फ्रिजमध्ये, पाणी पिवळट-तपकिरी झालं तर फेकायची, उघडल्याची तारीख लिहायची आणि महिन्याच्या वर वापरायची नाही, टोक पापणीला टेकू द्यायचं नाही. आणि बाटली पेशंटसमोर टेबलवर सोडून खोलीबाहेर जायचं नाही, ती खिशात जाते.

बधिर थेंबाचा निदानासाठीही उपयोग होतो. थेंब टाकल्यावर दुखणं जवळजवळ पूर्ण गेलं तर बहुतेक वेळा त्रास पृष्ठभागावरचा असतो. तरीही आतून ठणकतच राहिलं तर डोळ्याच्या आतली सूज किंवा वाढलेलं प्रेशर शोधायला हवं. पण दुखणं गेलं म्हणून आत काही नाहीच असं धरून चालत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, रंगाने अपाय होतो का. नजरेला नाही. थोडा वेळ पिवळसर दिसेल, नाक शिंकरलं तर पिवळं येईल आणि घशात कडू लागेल कारण डोळ्याचं पाणी नाकातच उतरतं, कातडीवरचा डाग धुतला की जातो. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स मात्र आधीच काढून ठेवा, ती रंग पिते आणि कायमची पिवळी होते, परत घालायची ती डोळा धुऊन किमान तासाभराने, आणि खरचटलं असेल तर पूर्ण बरं होईपर्यंत नाहीच. बधिर केल्यावर अर्धा तास डोळा चोळू नका, हे जास्त महत्त्वाचं. पूर्वी असल्या ड्रॉपची किंवा दाताच्या भुलीची अॅलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. बाहुली मोठी करणारे ड्रॉप वेगळे, त्यांनी काही तास धूसर दिसतं, या दोन ड्रॉपने तसं होत नाही. आणि काही लोक घाबरतात ते हातातून इंजेक्शन देऊन करतात त्या अँजिओग्राफीमुळे, ज्यात डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. रंग तोच पण तिथे तो रक्तात जातो, एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅम, म्हणून कातडी काही तास पिवळी, लघवी दिवसभर गडद पिवळी, थोडी मळमळ, आणि क्वचित गंभीर अॅलर्जी होऊ शकते. पट्टीवरच्या त्या एवढ्याशा रंगाशी त्याची तुलना नको.

आता तुमच्या डोळ्याचं. ग्राइंडरचा कण म्हणजे बहुतेक लोखंड, आणि लोखंडाचा कण काही तास जरी कॉर्नियात बसला तरी त्याच्याभोवती गंजाचं तपकिरी कडं तयार होतं. कण निघाला तरी कडं राहू शकतं, ते राहिलं की जखम भरायला वेळ लागतो आणि खुपत राहतं, तुमचं रात्रीचं दुखणं त्यामुळेही असू शकतं. बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी ते मऊ पडतं आणि मग सहज निघतं, म्हणून पहिल्याच दिवशी सगळं खरवडायचा हट्ट धरत नाहीत. म्हणजे उद्या, फार तर परवा, बरं वाटत असलं तरी परत जा, पुन्हा रंग टाकून जखम लहान होतेय का आणि कडं राहिलंय का एवढं बघायला सांगा. त्याआधीच दुखणं वाढलं, नजर कमी वाटली, पू यायला लागला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि काम परत सुरू करताना बाजूने बंद असलेला गॉगल घाला, समोरच्या काचेचा साधा चष्मा ग्राइंडरला पुरत नाही, कण कडेनेच आत येतो.